वेगळ्या हार्डवेअरवरच्या चेस इंजिनांची तुलना: न्याय्य कशाला म्हणायचं?

अडीच_घरं

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इथे जाणकार आहेत म्हणून मांडते.

फावल्या वेळात मी एक चेस इंजिन लिहिते. जुन्या घराण्यातलं आहे: अल्फा-बीटा सर्च (निरुपयोगी फांद्या छाटत चालींचं झाड धुंडाळणं), जोडीला लहानसं एनएनयूई (सीपीयूवर झटपट चालणारं, पटाचं मूल्यमापन करणारं न्यूरल नेटवर्क), सगळं काम सीपीयूवर. माझा एक मित्रही इंजिन लिहितो, त्याचं घराणं लीला या इंजिनाचं. मोठं न्यूरल नेटवर्क, मॉन्टे कार्लो ट्री सर्च (आशादायक चालींकडे जास्त लक्ष देत झाड वाढवणं), आणि जीपीयूशिवाय, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या चिपशिवाय, पान हलत नाही. आम्ही आपापल्या मशीनवरून सामना लावला. माझा लॅपटॉप, त्याचा दणदणीत ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप. घड्याळ दोघांना सारखं. तो चांगल्या फरकाने जिंकला.

त्याचं म्हणणं, इंजिन जिंकलं. माझं म्हणणं, त्यात कार्डाचा वाटा किती आणि इंजिनाचा किती हे मोजल्याशिवाय हे वाक्य पुरं होत नाही. दोन्ही इंजिनं सीपीयूची असती तर एकाच मशीनवर बसवून मोकळे झालो असतो. इथे दोघांना लागणारी चिपच वेगळी आहे. सारखे नोड्स (सर्चमध्ये तपासलेल्या पोझिशन्स), सारखी वीज, सारख्या किमतीची मशीन, असे पर्याय ऐकले आहेत. तुम्ही काय धराल, आणि का?

किल्लेकोट

मित्राचं इंजिन तुमच्या लॅपटॉपवर चालवा. वाद तिथेच मिटेल.

अडीच_घरं

@किल्लेकोट, चालवता येईल, सीपीयूवर चालायची सोय त्यात आहे. पण मग ते इतकं मंद होतं की त्या विजयाला मीच विजय म्हणणार नाही.

चौसष्ट_घरं

सगळ्यात आधी "सारखे नोड्स" हा पर्याय यादीतून काढा. सर्वांना हाच आधी सुचतो आणि सगळ्यात जास्त फसवतो.

डीपमाइंडच्या अल्फाझीरो या न्यूरल नेटवर्कवाल्या इंजिनाचे आकडे बघा. २०१७ च्या पहिल्या निबंधात अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार पोझिशन्स बघत होतं आणि स्टॉकफिश ८ (सीपीयूवर चालणारं अल्फा-बीटा घराण्यातलं प्रसिद्ध इंजिन) सुमारे ७ कोटी. अल्फाझीरोच्या एका नोडमागे भल्यामोठ्या नेटवर्कची पूर्ण फेरी असते. त्या वेळच्या स्टॉकफिशच्या नोडमागे प्याद्यांची रचना, राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांची चपळाई असल्या गोष्टींची पटकन केलेली बेरीज होती, आणि पुष्कळ नोड्सवर तीही करावी लागत नसे. दोघांना प्रत्येक चालीला सारखे नोड्स देणं म्हणजे एकाला दिवसभर विचार करू देणं आणि दुसऱ्याला डोळे मिटायच्या आत चाल करायला लावणं.

शिवाय एकाच घराण्यातली इंजिनंसुद्धा नोड सारखा मोजत नाहीत. कुणी चाल पटावर केली की मोजतं, कुणी सर्चचं फंक्शन सुरू झालं की. शांत स्थितीपर्यंत मारामारी बघत जाणारा जो शेवटचा टप्पा असतो, त्यातले नोड्स धरायचे की नाही इथेही फरक असतो. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा नोड्स-पर-सेकंद हा आकडा त्याच इंजिनाच्या, त्याच आवृत्तीच्या दोन मशीनवरच्या वेगाची तुलना करायला उत्तम. दोन वेगळ्या इंजिनांमध्ये तो निरुपयोगी.

नोड्स बांधून खेळवण्याचा एक प्रामाणिक उपयोग आहे. स्वतःच्याच इंजिनात असा बदल केला ज्याने वेग बदलत नाही, तर एका थ्रेडवर (प्रोसेसरवरच्या कामाच्या एका धाग्यावर) ठरावीक नोड्स देऊन चाचणी घ्यावी. मशीनवर दुसरं काही चालू असलं तरी निकाल तोच येतो.

उंटावरचा_शहाणा

अल्फाझीरोचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण अडीच_घरंचा प्रश्न तेव्हा जगभर विचारला गेला होता.

२०१७ च्या सामन्यात १०० डाव झाले: अल्फाझीरोचे २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव शून्य. आक्षेप टीपीयूवर (अल्फाझीरो ज्यावर चालत होतं त्या न्यूरल नेटवर्कसाठीच्या खास चिपवर) कमी आणि सामन्याच्या अटींवर जास्त होते. स्टॉकफिशला ६४ थ्रेड्स दिले, पण हॅश (आधी तपासलेल्या पोझिशन्स साठवायचं टेबल) फक्त १ जीबी. इतक्या थ्रेड्सवर मिनिटभर विचार केला तर एवढं टेबल भरून वाहतं आणि इंजिन आधी केलेलं काम पुन्हा करत बसतं. वेळही दर चालीला सरसकट एक मिनिट. कुठे थांबायचं, कुठे झटपट खेळायचं हे ठरवायचं स्टॉकफिशचं कसब त्यामुळे वापरातच आलं नाही.

पुढे २०१८ साली "सायन्स"मध्ये पूर्ण निबंध आला तेव्हा अटी सुधारलेल्या होत्या. ४४ कोअर, ३२ जीबी हॅश, ३ तास आणि दर चालीला १५ सेकंद. १००० डावांत १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबरी. गुणांवरून इलो (ताकदीचं रेटिंग) काढा: पहिल्या सामन्यात फरक सुमारे १०० येतो, दुसऱ्यात सुमारे ५२. हा सगळा फरक अटींमुळेच पडला असं म्हणता येणार नाही, १०० डाव तसे थोडेच. पण हॅश आणि घड्याळ या दोन "किरकोळ" गोष्टींकडे बघितल्याशिवाय हार्डवेअरवर भांडायला बसू नये, एवढं तरी यातून घ्यावं. दुसऱ्या सामन्यानंतर अल्फाझीरोची ताकद नाकारायला माझ्याकडे कारण उरलं नाही.

सिलिकॉन_सुभेदार

@उंटावरचा_शहाणा +१

त्याच सामन्यातून पुढे "लीला रेशो" निघाला. ७ कोटी भागिले ८० हजार म्हणजे ८७५. लीलाचा वेग गुणिले ८७५, भागिले स्टॉकफिशचा वेग. उत्तर १ आलं की हार्डवेअर त्या सामन्याइतकंच "समतोल" आहे असं धरायचं. काही काळ लोक सामन्यासोबत हा रेशो आवर्जून लिहायचे.

मला तो कधीच पटला नाही. एका प्रयोगशाळेने एका सामन्यासाठी जे हार्डवेअर वापरलं तेच प्रमाण का मानायचं? आणि इंजिन बदललं की रेशोचा अर्थही बदलतो. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ एनएनयूई घेऊन आलं. सेकंदाला होणारे नोड्स उतरले, ताकद मात्र भरपूर वाढली. आता जुना रेशो लावलात तर स्टॉकफिशला आधीपेक्षा मोठी मशीन द्यावी लागेल, का तर ते सुधारलं म्हणून! लीलाचं तसंच: मोठं नेटवर्क लावलं की वेग पडतो, रेशो खाली येतो, आणि कार्ड तर तेच आहे.

वॅट_मोजणारा

माझ्या मते एकच एकक तटस्थ आहे: वीज. दोन्ही मशीनना प्लगमध्ये लावायचं मीटर जोडा आणि डावभरात किती ऊर्जा खर्च झाली ते बघा. ऊर्जा समान होईल असं घड्याळ द्या. सीपीयू असो, जीपीयू असो, उद्या आणखी काही येवो, ज्यूल तोच राहतो. किमतीचं तसं नाही, ती मागणीनुसार वर-खाली होते, जुनं कार्ड अर्ध्या भावात मिळतं.

सिलिकॉन_सुभेदार

@वॅट_मोजणारा, ज्यूल तोच, पण एका ज्यूलमध्ये किती काम होतं हे चिप कुठल्या पिढीची त्यावर ठरतं. तुमच्या पद्धतीने जुन्या सीपीयूवरचं चांगलं इंजिन नव्या चिपवरच्या सामान्य इंजिनाकडून हरेल, आणि तुम्ही चिप बनवणाऱ्याची कामगिरी इंजिन लिहिणाऱ्याच्या नावावर लिहाल.

वॅट_मोजणारा

मग दोन्ही चिप एकाच पिढीच्या घ्या. तेवढी अट घातली की माझी पद्धत किमतीपेक्षा आणि नोड्सपेक्षा खूपच सरस आहे. मी मागे हटत नाही. :)

प्यादेमात

मी वेगळी बाजू मांडते. हार्डवेअर समान करायचा हट्टच कशाला?

१९९७ मध्ये कास्पारोव्हला ३.५–२.५ ने हरवणारं डीप ब्लू हे इंजिन होतं की मशीन? ४८० खास बुद्धिबळाच्या चिप्स, सेकंदाला २० कोटी पोझिशन्सच्या आसपास. त्यातला प्रोग्राम वेगळा काढून दुसऱ्या मशीनवर बसवताच येत नाही, कारण चाली काढणं आणि मूल्यमापन चिपमध्येच कोरलेलं होतं. मशीनसकट प्रोग्राम ही तिथे एकच वस्तू होती. तुमच्या मित्राचं इंजिनही त्याच जातीचं आहे. जीपीयूला काय सोपं जातं हे बघूनच त्याचं नेटवर्क बेतलेलं असणार. योग्य हार्डवेअर निवडणं हाही रचनेचाच भाग आहे.

आणि मोठं मशीन म्हणजे विजय, असंही नाही. १९९५ ला हाँगकाँगच्या संगणक बुद्धिबळ विश्वस्पर्धेत ९० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवरच्या फ्रिट्झने आयबीएमच्या डीप ब्लू प्रोटोटाइपला हरवलं आणि विजेतेपदही घेतलं.

अर्धा_गुण

@प्यादेमात, फ्रिट्झचा तो विजय एका डावातला आहे. त्यावरून हार्डवेअरबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

बाकी तुमचा मुद्दा जुना आणि खरा आहे. २००९ च्या पाम्प्लोनाच्या विश्वस्पर्धेत ८ कोअरची मर्यादा घातली होती, त्यावर भरपूर वाजलं. पुढच्या वर्षी त्यांनी सरळ दोन स्पर्धा केल्या: एक खुली, वाटेल ते मशीन आणा; दुसरी सॉफ्टवेअरची, सगळ्यांना सारखं मशीन. मला हा तोडगा आवडतो. कुस्तीत वजनगटाचा विजेता वेगळा आणि खुल्या गटाचा वेगळा असतो, दोघांचाही मान राहतो.

चौसष्ट_घरं

@अर्धा_गुण, पण जीपीयूवाला त्या दुसऱ्या स्पर्धेत काय करणार? सारखं मशीन म्हटलं तरी त्यात काय असावं हे कुणीतरी ठरवतंच. कार्ड नसलेलं ठरवलं तर लीलाचं घराणं बाद, मोठं कार्ड ठरवलं तर उलट. टीसेक या इंजिनांच्या स्पर्धेने जीपीयू इंजिनं घेतली तेव्हा त्यांच्यासाठी जीपीयूची सोय वेगळी केली, सीपीयूवाल्यांना त्यांचे कोअर. २०१९ च्या १५ व्या हंगामात लीलाने स्टॉकफिशला ५३.५–४६.५ ने हरवलं, तेव्हा हा वाद पुन्हा पहिल्यापासून झाला.

अर्धा_गुण

त्या निकालाचं गणित मांडून दाखवतो, कारण हार्डवेअरच्या वादात हे नेहमी विसरलं जातं.

१४ विजय, ७ पराभव, ७९ बरोबरी. गुणांवरून इलोचा फरक सुमारे २४. पण १०० डावांत एवढ्या बरोबऱ्या असताना ९५ टक्के खात्रीची मर्यादा साध्या सूत्राने जवळपास अधिक-उणे ३१ येते. म्हणजे फरकापेक्षा अनिश्चितता मोठी! (एकच ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवल्याने ती जरा कमी होते, पण फार नाही.) बरोबऱ्या निम्म्या असतील तर १०० डावांना अधिक-उणे ४८ च्या आसपास, १००० डावांना १५, दहा हजारांना ५. डाव चौपट केले तर अनिश्चितता निम्मी होते, बस.

म्हणून @अडीच_घरं, आधी सांगा, तुमचा सामना किती डावांचा होता? हार्डवेअर समान करून तुम्ही २० इलोचा अन्याय दूर कराल आणि ५० इलोच्या धुक्यात उभे राहाल, असं होऊ नये.

अडीच_घरं

काहीशे डाव झाले होते आणि फरक धुक्याच्या बराच बाहेर होता. ओपनिंग जोडीने, रंग बदलून. डाव निवडतानाही जरा असमतोल ओपनिंग घेतल्या होत्या, म्हणजे बरोबऱ्यांचा खच पडत नाही.

लॉग_वाचणारी

इथे सगळे तत्त्वाचं बोलताहेत, मी दुरुस्तीतलं बोलते. "लॅपटॉप" हा शब्द वाचूनच शंका आली. सामन्याचे लॉग उघडा आणि तुमच्या इंजिनाचा वेग चालीगणिक बघा. पहिल्या डावाच्या १० व्या चालीला जो वेग दिसतो तो तासाभरानंतरच्या डावात त्याच ओपनिंगच्या त्याच चालीला दिसतो का? लॅपटॉप तापला की घड्याळगती उतरवतो. पंख्याचा आवाज चढतो आणि वेगाचा आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. मी बघितलेल्या लॅपटॉपवर हे इतकं नियमित होतं की लॉगवरून डाव कधी सुरू झाला ते सांगता यावं.

दुसरं, कुठला बिल्ड (विशिष्ट चिपसाठी तयार केलेली इंजिनाची फाइल) वापरलात? स्टॉकफिशचंच घ्या. बीएमआय२ (चिपमधल्या खास सूचनांचा एक संच) चा बिल्ड नावाने सगळ्यात भारी वाटतो, पण एएमडीच्या झेन १ आणि झेन २ चिप्सवर त्यातली पेक्स्ट सूचना फार मंद आहे, तिथे एव्हीएक्स२ चा बिल्ड जास्त वेगाने पळतो. झेन ३ पासून ते सुधारलं. चुकीच्या बिल्डने खेळवून "ही चिप वाईट" म्हणणारे बरेच भेटतात.

मित्राच्या बाजूलाही बघा. जीपीयू इंजिन सुरू होताना नेटवर्क कार्डावर चढवायला वेळ लागतो. तो पहिल्या चालीच्या घड्याळातून कापला गेला तर त्याच्यावर अन्याय. शिवाय जीपीयूला पोझिशन्सचा गठ्ठा लागतो, खूप थोड्या वेळात गठ्ठा भरत नाही आणि कार्ड रिकामं बसतं.

आणि पाँडर (प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करत राहणं) बंद होतं ना? दोन वेगळ्या मशीनवर चालू ठेवलं तरी चालतं, एकाच मशीनवर दोन्ही खेळवताना चालू ठेवलंत तर दोघं एकमेकांचे कोअर खातात.

किल्लेकोट

वाचनखूण साठवली. @लॉग_वाचणारी, वेगळा धागा काढा यावर!

फिरता_राजा

मशीन वेगळी असताना घड्याळ जुळवायची पद्धत सीपीयूसाठी तरी पक्की झालेली आहे. सीसीआरएल या गटाची इंजिनांच्या रेटिंगची यादी बघा. परीक्षक अनेक, मशीन अनेक. त्यांनी इंटेल आय७-४७७०के ही चिप प्रमाण धरली आहे आणि तिच्यावरच्या ४० चालींना १५ मिनिटांइतका वेळ प्रत्येकाने आपल्या मशीनचा वेग मोजून काढायचा. स्टॉकफिशचं फिशटेस्ट (स्वयंसेवकांच्या मशीनवर चालणारी चाचणी-यंत्रणा) तेच करतं: स्वयंसेवकाचं मशीन आधी बेंच (वेग मोजायची चाचणी) चालवतं, निघालेल्या वेगावरून त्या मशीनवर घड्याळ लांबवलं किंवा आखडलं जातं.

यात एक खोच आहे. वेग मोजायला जे इंजिन वापरता त्याचाच कल त्या मापात उतरतो. सीसीआरएलवाले पूर्वी क्राफ्टी १९.१७ या जुन्या इंजिनाने मोजायचे. क्राफ्टीत एनएनयूई नाही. म्हणजे एखाद्या चिपचं व्हेक्टर गणित (एका दमात अनेक आकड्यांवर हिशेब) चांगलं असेल तर क्राफ्टीला ते दिसतच नाही, पण एनएनयूईवाल्या इंजिनाला त्याचा घसघशीत फायदा होतो. ज्या जातीचं इंजिन तपासायचं त्याच जातीच्या इंजिनाने वेग मोजा.

जुना_मेफिस्टो

अवांतर: स्वीडनची एसएसडीएफ ही चेस प्रोग्राम्सच्या रेटिंगची यादी कुणाला आठवते का? १९८४ पासूनची. तिथे प्रोग्रामच्या नावापुढेच मशीनचं नाव लिहिलेलं असायचं, आणि तोच प्रोग्राम दोन मशीनवर असेल तर यादीत दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळी रेटिंग्ज. ४० चालींना २ तास, दोन खरीखुरी मशीन शेजारी शेजारी. त्या यादीवरून वेग दुप्पट झाल्यावर किती इलो वाढतात याचा अंदाज बांधता यायचा. तेव्हा ५० ते ७० धरायची पद्धत होती. आजच्या ताकदीला, लांब घड्याळावर, हा फायदा बराच आटला आहे, कारण दोघंही चुका करत नाहीत आणि डाव बरोबरीत जातात.

मला ती मांडणी अजूनही सगळ्यात सच्ची वाटते. समान करायचा दावाच नाही. कोण, कशावर, किती वेळात, एवढं लिहून मोकळे.

चौसष्ट_घरं

@जुना_मेफिस्टो, हे अवांतर नाही, उत्तराच्या सगळ्यात जवळचं आहे. त्याच कल्पनेला पुढे नेऊन म्हणतो: एक आकडा काढूच नका, दोन रेषा काढा. तिसऱ्याच काही इंजिनांचा एक ठरावीक गट घ्या, त्यांचं मशीन आणि वेळ कधीच बदलू नका. मग अडीच_घरंचं इंजिन त्या गटाशी कमी वेळात, दुप्पट वेळात, चौपट वेळात खेळवा. मित्राचंही तसंच. वेळ वाढेल तशी ताकद कशी चढते याच्या दोन रेषा मिळतील. उद्या कुणी दुप्पट वेगाचं कार्ड आणलं तर नवा सामना लावायचीही गरज नाही, रेषेवर पुढे सरकून अंदाज घ्या. हार्डवेअरचा वाटा म्हणजे रेषेवरून सरकणं, इंजिनाचा वाटा म्हणजे रेषेची उंची आणि चढ.

सिलिकॉन_सुभेदार

वेग दुप्पट म्हणजे वेळ दुप्पट, हे एका थ्रेडला खरं. आठ कोअर म्हणजे आठपट वेळ नव्हे, समांतर सर्चमध्ये बरंच काम वाया जातं. कोअर वाढवणार असाल तर त्याची रेषा वेगळी काढा. बाकी सहमत.

अडीच_घरं

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्रालाही धागा दाखवला आणि आम्ही पुन्हा मोजायला बसलो. काय केलं ते लिहिते.

दोन्ही इंजिनं त्याच्याच डेस्कटॉपवर आणली. माझ्याला सगळे खरे कोअर, त्याच्याला कार्ड आणि कार्डाला पोझिशन्स पुरवण्यापुरते दोन थ्रेड. पाँडर बंद, नेटवर्क डावाआधीच चढवलेलं. लॅपटॉपचे लॉगही उघडले. लॉग_वाचणारी म्हणाल्या तशाच पायऱ्या होत्या.

मग चौसष्ट_घरं यांची दोन रेषांची पद्धत. गट म्हणून चार मुक्त इंजिनं, एका थ्रेडवर, ठरलेल्या वेळेला. दोघांच्याही रेषा काढल्या. अगदी छोट्या घड्याळावर माझं इंजिन वर आहे, मोजमापाच्या अनिश्चिततेच्या बाहेर. वेळ वाढवत गेलं की त्याची रेषा जास्त चढी आहे आणि मधे एके ठिकाणी दोन्ही छेदतात. त्यापुढे तो पुढे आहे, आणि पहिल्या सामन्यात दिसला त्यापेक्षा बऱ्याच कमी फरकाने. माझ्या लॅपटॉपचा वेग धरला की छेद उजवीकडून डावीकडे सरकतो, त्याचं जुनं कार्ड धरलं की उलट. माझ्यासाठी हे चित्र कुठल्याही एका आकड्यापेक्षा मोलाचं आहे.

प्यादेमात

छान! पण मग "कोण जास्त ताकदवान" याचं उत्तर?

अडीच_घरं

@प्यादेमात, त्याच्या मशीनवर, लांब घड्याळाला, तो. हे मी आनंदाने लिहून देते. फक्त मशीन आणि घड्याळ त्याच वाक्यात असलं पाहिजे.

वॅट_मोजणारा

मीटर लावला होतात का?

अडीच_घरं

लावला होता. त्याच्या कार्डाने डावभरात माझ्या कोअरपेक्षा जास्त ऊर्जा घेतली. ऊर्जा समान धरली तर छेद उजवीकडे सरकतो, पण नाहीसा होत नाही.

अर्धा_गुण

छेदाच्या आसपास डाव वाढवा. तिथे दोन्ही रेषा जवळ आहेत, तेव्हा अनिश्चितता तिथेच सगळ्यात जास्त नडेल. आणि हॅश किती दिला होता ते लिहायचं राहिलं.

अडीच_घरं

वेळेच्या पटीत वाढवला, सगळ्यात लांब घड्याळाला ४ जीबी. छेदापाशी आज रात्रीपासून जास्तीचे डाव लावते.